लालनिळे

खोलीचं दार उघडल्याबरोबर त्याला स्पिरिटचा वास आला. फार नाही, सुई टोचण्याआधी दंडावर कापूस फिरवतात तेवढाच. पण एकतीस वर्षं ज्या खोलीत तेलाचा, जुन्या कागदाचा आणि आपल्याच घामाचा वास घेतला, तिथे परका वास कसा लपणार? तो दारातच थांबला. पिशवी खांद्यावरच राहिली. टेबल जागच्या जागी होतं, स्टूल जागच्या जागी होतं, बशीतल्या लाल आणि निळी या दोन पेन्सिली त्यानं परवा ठेवल्या तशाच, टोकं भिंतीकडे करून पडल्या होत्या. काल तो आला नव्हता. दाढ काढायची होती, म्हणून वर्षातून एखादी घ्यायचा ती रजा त्यानं काल घेतली होती. गालावरची सूज अजून उतरली नव्हती आणि जीभ सारखी त्या खड्ड्याकडे जात होती. त्यानं नोंदवही उघडली. कालच्या पानावर गोल, सुटसुटीत अक्षर होतं, शाळेतल्या हुशार मुलीचं असतं तसं. ‘आकाश ढगाळ. निरीक्षण नाही. फटीवरच्या डबीतली अभ्रकाची पट्टी साफ केली, पुन्हा बसवली.’ खाली सही. त्यानं ते तीनदा वाचलं. पुन्हा बसवली, एवढंच. कशी बसवली ते लिहिलं नव्हतं, आणि कोण कशाला लिहील? पट्टी बसवायची तशीच बसवणार माणूस. तो स्टुलावर बसला. पिशवी अजून खांद्यावरच होती, हे त्याच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

सही नव्या बाईंची होती. बाईंना येऊन दोन वर्षं होत आली होती, पण सगळे त्यांना नव्या बाईच म्हणत. पलीकडच्या गच्चीवर जे नवं यंत्र बसलं होतं ते त्यांचं. थंड पेटीतला कॅमेरा, वायरींचा गुंता आणि खालच्या खोलीत पडदा. सूर्यावर कुठे कोणतं चुंबक दडलंय, ते सगळं त्या पडद्यावर आपोआप उमटे. महिनाअखेर तो निवृत्त होणार आणि मनोऱ्यातलं हे हातानं चालणारं काम त्याच्याबरोबरच बंद होणार, असं ठरलं होतं. निरोपाच्या समारंभात त्याला घड्याळ देणार आहेत, हेही शिपायानं फोडलं होतं. वेधशाळेच्या ऑफिसात त्याचं खरं नाव पगारपत्रकावरच उरलं होतं. तोंडावर, पाठीमागे, फोनवरसुद्धा सगळे त्याला लालनिळे म्हणत. नव्यानं आलेल्या एका कारकुनाला ते आडनावच वाटलं आणि त्यानं पत्रावर ‘श्री. लालनिळे यांस’ असं टंकून पाठवलं. सगळे पोट धरून हसले होते, तोही हसला होता. त्याला माहीत होतं की या नावात जेवढा विनोद आहे त्याहून जास्त काहीतरी आहे, पण ते फक्त त्यालाच माहीत होतं.

एकशे बारा पायऱ्या चढून तो मनोऱ्याच्या टोकावर गेला. घुमटाची झडप ओढली, दोन्ही आरशांवरची कापडं काढली. एक आरसा सूर्य पकडतो, दुसरा त्याला खाली ढकलतो. मग मनोऱ्याच्या पोकळीतून उजेडाचा तो खांब खाली खोलीत उतरतो आणि टेबलावरच्या कागदावर ताटाएवढा सूर्य पडतो. हे एकतीस वर्षं चाललं होतं आणि तरी कागदावर सूर्य पडला की त्याला बरं वाटायचं, घरातलं माणूस उठून बाहेर आल्यावर वाटतं तसं. आज तसं वाटलं नाही. सध्या सूर्याचा शांतकाळ चालू होता. परवापर्यंत नऊ दिवस एकही डाग नव्हता. कोऱ्या वर्तुळाखाली सही करायची आणि मोकळं व्हायचं. आज मात्र एक डाग होता. एकटा. आणि नेमका मधल्या रेषेवर, ना वरच्या अर्ध्याचा ना खालच्या. त्यानं शिसपेन्सिलीनं त्याची कड काढली, आतला काळा गाभा भरला, आणि रंगाची वेळ आली तेव्हा डोळा काचेला लावला.

सूर्याच्या डागात चुंबक असतं, आणि चुंबकाला दोन टोकं असतात. एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळं, अशी या मनोऱ्यातली जुनी रीत. कोणतं टोक आहे ते डोळ्यानं ओळखता येतं. डागाचा उजेड एका बारीक फटीतून खालच्या विहिरीत जातो, तिथून रंग उलगडून परत वर येतो, आणि त्या रंगांत एक काळी रेघ असते. फटीवर पितळी डबी, डबीत अभ्रकाची पट्टी. पट्टीतून पाहिलं की ती रेघ सरळ राहत नाही, करवतीसारखे दात पडतात. पहिला दात उजवीकडे वळला तर लाल, डावीकडे वळला तर निळं. त्याच्या आधीच्या निरीक्षकानं सुवाच्य अक्षरात तसं एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलं होतं: उजवा दात लाल, डावा दात निळा. बस्स, एवढंच शास्त्र. पट्टी मात्र एका बाजूनंच बसवायची असते. तिच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा एक ठिपका कोरलेला होता. तो सूर्याकडे पाहिजे. पट्टी उलटी बसली की दात उलटे, उजव्याचा डावा, लालाचं निळं. बाकी काहीच बदलत नाही. उजेड तोच, रेघ तीच, दातही तितकेच टोकदार.

दात उजवीकडे होता. लाल. आणि त्याचा हात नेहमीप्रमाणे निळ्या पेन्सिलीकडे गेला, आणि वाटेतच थांबला. अकरा वर्षांत पहिल्यांदा थांबला. मांडीखालचं स्टूल निसटावं तसं त्याला झालं. लाल दिसलं की निळी उचलायची, निळं दिसलं की लाल. हे करताना आताशा त्याला विचारही करावा लागत नसे. किल्ली कुलपात फिरवताना कोण विचार करतो? पण काल कुणीतरी पट्टी काढली होती. बाईंनी ठिपका पाहिला असेल आणि पट्टी सरळ बसवली असेल, तर आज दिसतंय ते खरं आहे आणि लालच भरायला हवं. त्यांनी काही न पाहता होती तशीच ठेवली असेल, तर निळं. डबी उघडून बघायची किंवा बाईंना जाऊन विचारायचं, तर का ते सांगावं लागलं असतं. डागाकडून काही मदत नव्हती. डाग जोडीनं असते, वरच्या नाहीतर खालच्या अर्ध्यात असते, तर त्यावरून पडताळता आलं असतं. आजकाल कोणत्या अर्ध्यात पुढचा डाग कोणत्या रंगाचा येतो ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण हा उपटसुंभ मधोमध येऊन बसला होता, जणू त्यालाच विचारायला की सांग, तू काय पाहिलंस? रंगवलेलं चित्र बारापर्यंत रवाना व्हायला हवं. बाईंचं यंत्र थंड होऊन सुरू व्हायलाही साडेअकरा वाजत. आत्ता साडेनऊ झाले होते.

तेव्हाही शांतकाळच होता. अकरा वर्षांपूर्वी, अशाच कोऱ्या वर्तुळांच्या दिवसांत, मिस्त्री म्हणाला, चला, डबी उघडून घेऊ, धूळ बसलीय. मिस्त्री म्हणजे यंत्रं सांभाळणारा म्हातारा. हात सोन्याचे आणि तोंड अखंड चालू. त्यानं पट्टी पुसून दिली आणि याच्या हातात ठेवली, आणि ठेवता ठेवता आपल्या व्याह्यांची नक्कल सुरू केली. व्याही जेवायला बसताना कसे आधी कमरेचा पट्टा सैल करतात, मग आजूबाजूला बघतात, मग आणखी एक भोक सैल करतात. इकडे हा हसत होता. हसत हसत यानंच पट्टी डबीत सरकवली, मिस्त्रीनं स्क्रू आवळले, त्यावर लाल रंगाचं बोट फिरवलं, म्हणजे पुन्हा कुणी उघडलं तर कळावं. दोघांनी वहीत सह्या केल्या. आयुष्यातली सगळ्यात महाग पडलेली नक्कल ती. पुढे तीन आठवडे डागच नव्हता, त्यामुळे काही कळायचा प्रश्नच आला नाही. सूर्य दर अकरा वर्षांनी कूस बदलतो. जुने डाग संपतात, नवे येतात, आणि नव्यांमध्ये रंगांचा क्रम उलटा होतो. वरच्या अर्ध्यात आतापर्यंत लाल पुढे चालत असेल तर आता निळा पुढे. सगळेजण त्या पहिल्या नव्या डागाची वाट पाहत होते. साहेब तर रोज सकाळी जिन्यात येऊन विचारायचे, “आला का पाहुणा?” आणि एके दिवशी आला. वरच्या अर्ध्यात, खूप वर, चिमुकली जोडी. त्यानं डोळा काचेला लावला आणि पुढचा डाग लाल दिसला. म्हणजे जुनाच क्रम. पण इतक्या वर जुना डाग येत नाही. त्याला वाटलं, आपण घाईत चुकतोय. पुन्हा पाहिलं, लालच. आणि त्यानं निळी पेन्सिल उचलली. दिसलं ते सोडून, दिसायला हवं होतं ते भरलं आणि पायऱ्या उतरत साहेबांकडे धावत गेला.

साहेबांनी त्याला मिठीच मारली. नव्या पाळीचा पहिला डाग आपल्याकडून जगाला कळला. शास्त्रीय पत्रिकेत त्याचं चित्र छापून आलं, खाली त्याचं नाव. चौकट करून ते जिन्याशी लावलं, अजून आहे. त्या संध्याकाळी घरी बूट काढता काढता त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की पट्टी उलटी बसलीय. एक पाय बुटात तसाच. बायकोनं विचारलं, “काय झालं हो?” तो म्हणाला, “काही नाही. आनंद झालाय.” उद्या मिस्त्रीला सांगून उलटवून घेऊ, असं ठरवून तो झोपला. पण डबी उघडायची तर वहीत लिहायला हवं, मिस्त्री असेतोवर दोघांच्या सह्या लागत, आणि का उघडली ते सांगायला हवं. पट्टी उलटी होती असं लिहिलं तर कालचा निळा डाग आला कुठून? दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाहुणे आणले. तिसऱ्या दिवशी मिस्त्री रजेवर. आठवडाभराचा तर प्रश्न आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. तोवर उलटं वाचून सुलटं लिहू. चित्रं तर बरोबरच जातायत ना? कुणाचं काय बिघडलं? आणि खरंच कुणाचं काहीही बिघडलं नाही. हीच त्यातली मेख होती. त्याची चित्रं जगभरच्या चित्रांशी तंतोतंत जुळत. मिस्त्री निवृत्त झाला, मग वारला. साहेब बदलले. आठवड्याची अकरा वर्षं झाली.

कुणाचं काही बिघडलं नाही म्हणायला त्याचं स्वतःचं बिघडलं होतं. त्याच्याशिवाय त्या काचेला दुसऱ्या कुणाचा डोळा लागता कामा नये, हे एकदा ठरल्यावर बाकीचं आपोआप ठरत गेलं. रजा नाही. घेतलीच तर ढगाळ दिवस पाहून. त्याच्या जागी दुसरं कोणी बसलं तर नुसती शिसपेन्सिलीची कड काढायची, रंग भरायचा नाही, असा नियम त्यानंच करून घेतला; म्हणाला, ती नजर तयार व्हायला दहा वर्षं लागतात. लोकांना ते कलावंताचं मिजासखोरपण वाटलं. दोनदा बढती आली, दुसऱ्या शहरात, पंख्याखाली बसून सह्या करायची. दोनदा त्यानं नको म्हटलं. बायकोनं दुसऱ्या वेळी जेवणाचं ताट सरकवलं आणि म्हणाली, “त्या मनोऱ्यात काय पुरून ठेवलंय तुम्ही?” तो हसला. ती हसली नाही. हळूहळू घरातही त्याचं तसंच होऊ लागलं. बायको विचारी, येताय का माझ्याबरोबर, आणि मनात जायचं असलं तरी तोंडून नाही निघे. नको असलं की हो निघे. मनातलं आणि तोंडातलं यांच्यात एक पट्टी बसल्यासारखं. “तुम्ही कधी सरळ बोलतच नाही,” बायको म्हणे. त्याला हसावं की रडावं कळत नसे, कारण ती अजाणता अगदी बोट ठेवून सांगत होती.

आणि लेक गेली तो दिवस. पाच वर्षं झाली. तिला लांबच्या देशात नोकरी मिळाली होती. निघायच्या सकाळी ती दारात बॅग घेऊन उभी राहिली आणि अचानक म्हणाली, “बाबा, नको जाऊ का?” त्याच्या मनात अगदी स्पष्ट, उजवा दात उजवीकडे दिसावा इतकं स्पष्ट आलं: नको जाऊस. आणि तो म्हणाला, “वेडी का तू? मजेत जा.” तिनं त्याच्याकडे एक क्षण पाहिलं. मग बॅग उचलली. तो तसाच मनोऱ्यात आला, कारण ऊन होतं. त्या दिवशी डोळा काचेला लावताना त्याच्या डोळ्यात पाणी होतं आणि हातात काही जोर नव्हता; लाल दिसलं, त्यानं लाल भरलं. निळं दिसलं, निळं भरलं. अकरा वर्षांत त्यानं जे पाहिलं तेच उतरवलं असं ते एकच चित्र. ते चुकीचं ठरलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका वेधशाळेतून विचारणा आली, आणि त्यानं चित्राखाली शाईनं लिहिलं, ‘निरीक्षकाची चूक’, आणि सही केली. लेकीचा फोन येतो, दर रविवारी. ती कधी येणार हे तो विचारत नाही. तिकडे येऊन राहा म्हणून ती त्यांना सांगते, तेव्हा तो म्हणतो, बघू. त्याची बायको हल्ली फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जाते.

अकरा वाजले, साडेअकरा झाले. आरसा सूर्याला धरून होता, कागदावरचा सूर्य हलत नव्हता, हा मात्र एका जागी ठरेना. उठला, बसला, पुन्हा काचेत पाहिलं. दात उजवीकडे. ‘मी काय पाहतोय?’ असा प्रश्न इतक्या वर्षांत त्याला पडला नव्हता. पाहणं हे उलटवण्याचं पहिलं निम्मं काम होऊन बसलं होतं. बाईंनी पट्टी सरळ केली असेल तर किती बरं होईल, असं त्याच्या मनात आलं आणि छाती एकदम हलकी झाली. मग काही सांगायला नको, काही उघडायला नको, महिनाभर दिसेल ते भरायचं आणि घड्याळ घेऊन घरी जायचं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, मग कुणालाच कधीच कळणार नाही. अकरा वर्षं अशी पुसून जातील, आणि लेकीला मी कशासाठी जा म्हणालो तेसुद्धा. जाण्याआधी एका तरी माणसाला सांगायचं, असं त्यानं तिथल्या तिथे ठरवलं. जीभ दाढेच्या खड्ड्यात होती.

जिन्यावर चपला वाजल्या. नव्या बाई हातात छापील कागद घेऊन आत आल्या, दम लागलेल्या, खुशीत.

“काका, दाढ निघाली का? बसा, बसा, उठू नका. काल तुम्ही नव्हता म्हणून तुमच्या राज्यात घुसले, रागावू नका हं.”

“पट्टी कशी बसवली तुम्ही?” त्यानं विचारलं. आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही.

“तेच सांगायला आले! गंमत ऐका. काढून बघते तर तो ठिपका खालच्या बाजूला. म्हटलं, अगंबाई, म्हणजे पट्टी उलटी? उलटी असेल तर काकांची सगळी चित्रं उलटी यायला हवीत. आणि तुमची चित्रं तर कशी, डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी. आमच्या यंत्राची लाल-निळी बाजू मी तुमच्याच चित्रांवरून ठरवली, दुसरीकडच्यांशी ताडून पाहिली, सगळं जुळतं. मग माझ्या लक्षात आलं, ठिपकाच चुकीच्या बाजूला कोरलाय कुणीतरी! तो घासून काढला आणि दुसऱ्या बाजूला नवा कोरला. पट्टी होती तशीच ठेवली. साहेबांना संध्याकाळीच पत्र पाठवलं, जुन्या यंत्रातली खुणेची चूक दुरुस्त केली म्हणून. खूश झाले.”

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं, तिचा आवाज जिन्याभर घुमला.

“मॅडम,” तो म्हणाला, “ठिपका बरोबर होता. पट्टी उलटी आहे. अकरा वर्षं उलटी आहे. मी बसवली.”

“काहीतरीच काय!”

“मी उलटं बघतो आणि सुलटं भरतो.”

बाई हसल्या. अगदी मनापासून, प्रेमानं हसल्या. “रोज? अकरा वर्षं? एकदाही न चुकता? काका, असं कुणाला जमेल का? भूल अजून उतरलेली दिसत नाही तुमची.”

“एकदा चुकलो,” तो म्हणाला आणि कपाटाकडे गेला. पाच वर्षांपूर्वीची फाइल कुठे आहे हे शोधावं लागलं नाही. त्यानं ते चित्र बाईंपुढे ठेवलं.

बाईंनी ते पाहिलं. “पण ही तर चूक आहे. तुम्हीच लिहिलंय. सही आहे तुमची.”

“सही खोटी आहे. चित्र खरं आहे. म्हणजे, चित्र चुकीचं आहे, पण मला जे दिसलं ते आहे.” बोलता बोलता त्याला स्वतःचंच हसू आलं आणि डोळे भरून आले. “त्या दिवशी माझी लेक गेली. मला उलटवता आलं नाही.”

बाई आता हसत नव्हत्या. त्यानं स्टूल पुढे सरकवलं. “बसा. डोळा लावा. अकरा वर्षांत या काचेला माझ्याशिवाय कुणी डोळा लावलेला नाही. त्या पुठ्ठ्यावर वाचा आणि काय दिसतं ते सांगा.”

त्यांनी चष्मा काढला, पदर सावरला आणि वाकल्या. त्याला त्यांच्या मानेवरची एक शीर उडताना दिसत होती. इतकी वर्षं तिथे वाकणारे आपण मागून असेच दिसत असू, असं त्याला वाटलं.

“उजवीकडे,” त्या म्हणाल्या. “पहिला दात उजवीकडे वळलाय. म्हणजे लाल.”

“आणि तुमच्या कागदावर?”

बाईंनी छापील कागद उलगडला नाही. येतानाच त्यांनी पाहिलेला होता. “निळा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

झालं, त्याला वाटलं. कळलं एकदाचं कुणालातरी. त्याचे खांदे आपोआप खाली आले, श्वास पोटापर्यंत गेला, आणि उद्याच बायकोला सांगू, नाही, आजच सांगू, असं त्याच्या मनात आलं. आता वहीत लिहायचं, दोघांच्या सह्या, डबी उघडायची. जिन्यातली ती चौकट काढून टाकतील, टाकू देत. त्यानं नोंदवही पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं. पण बाई अजून स्टुलावरच होत्या. त्यांची नजर वहीवर, कालच्या त्या गोल अक्षरावर होती, आणि चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

“काका, मी ठिपका घासून टाकला,” त्या म्हणाल्या. “ऐंशी वर्षांचा ठिपका. आणि साहेबांना पत्र गेलंय. पुढच्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची आहे.” चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत त्या म्हणाल्या, “माझी चूक झाली हे मी सांगणारच आहे. पण आत्ता लगेच नको. तुमचा महिना होऊ दे. तुमची तरी कशाला शोभा जाता जाता? काम तसंही बंदच होणार. मग मी हळूच उलटवून ठेवते. महिनाभराचा तर प्रश्न आहे.”

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. तिशीही न गाठलेला चेहरा, हुशार, प्रामाणिक, कुणाचं वाईट न चिंतणारा. हा चेहरा त्यानं पाहिला होता. एक पाय बुटात असताना, दारामागच्या आरशात.

“मी पण असंच म्हटलं होतं,” तो म्हणाला. “आठवडाभराचा प्रश्न आहे म्हणून.”

बाईंनी मान खाली घातली. त्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी बशीतून निळी पेन्सिल उचलली आणि त्याच्या बाजूला, कागदाच्या कडेशी ठेवली. हातात दिली नाही, नुसती ठेवली. “बाराला पाच कमी आहेत, काका,” असं म्हणून त्या निघाल्या. चपलांचा आवाज जिन्यात खाली खाली गेला आणि दार लागलं.

तो उभा होता. वही उघडी होती, पेनाचं टोपण निघालेलं होतं. लिहायचं, त्यानं ठरवलं. त्यांचं नाव घालायचं नाही, फक्त आपलं: मी बसवली, मी लपवली. मग त्यांच्या पत्राचं काय होईल, त्या नव्या ठिपक्याचं काय होईल, कुणी विचारलं तर त्या काय सांगतील? एक वाक्य लिहिलं की दुसरं लिहावं लागणार होतं, आणि दुसऱ्यात त्या होत्याच. अकरा वर्षं आपण खोलीत एकटेच होतो, हे केवढं सुख होतं ते त्याला आता कळलं. खाली साहेबांचा आवाज आला, कुणालातरी सांगत होते, अहो, लालनिळ्यांचं चित्र आलं का बघा. त्यानं वाकून पुन्हा एकदा काचेत पाहिलं. दात उजवीकडेच होता, स्वच्छ, टोकदार. लाल, तो मोठ्यानं म्हणाला. खोलीत कुणी नव्हतं. लाल, लाल. मग कागदाकडे पाहिलं, तर डाग भरून झाला होता, कडेपर्यंत नीट, एकही रेघ बाहेर न जाता, निळा. आणि पेन्सिल बशीत, टोक भिंतीकडे करून, ठेवलेलीसुद्धा होती.